पीस चांगला लागलाय तुमचा

परवा गाडी सर्व्हिसिंगला नेली होती, तेव्हापासून डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर नाही, म्हणून लिहून टाकतो.

गाडी 14 वर्षांची. रनिंग 2 लाख 12 हजार. इंजिन एकदाही खोललेलं नाही. हे मी कोणी न विचारता सांगतो आणि ही सवय वाईट आहे असं मला घरातून वेळोवेळी कळवण्यात आलेलं आहे. तर गॅरेजात त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, तिथे बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ. त्यांनी बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बाहेर बघितलं आणि म्हणाले,

"काका, ती राखाडी तुमची का?"

आता इथे जरा थांबतो. काका?? माणूस माझ्याच वयाचा, असला तर दोनचार वर्षांनी मोठाच असेल. केस माझ्यापेक्षा कमी, पोट माझ्यापेक्षा जास्त. मला वाटतं जुन्या गाडीच्या मालकाचं वय लोक गाडीवरूनच ठरवतात. नवीन गाडीतून उतरलो असतो तर 'सर' झालो असतो.

"माझ्याकडे पण हीच होती हो," ते म्हणाले. "सेम मॉडेल, सेम कलर. बरोबरच घेतलेली असणार आपण. पाच वर्षांत इंजिन बसलं! पीसच बेकार लागला. तुमचा पीस चांगला लागलाय काका. नशीब असतं एकेकाचं."

नशीब. 14 वर्षांत 21 वेळा ऑइल बदललंय मी. माझ्याकडे डायरी आहे, तिच्यात तारीख, किलोमीटर, काय केलं आणि का केलं असे चार रकाने आहेत. आणि हा मनुष्य म्हणतोय नशीब. मी गप्प बसायला हवं होतं, पण नाही बसलो. शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "ऑइल किती किलोमीटरला बदलायचात?"

"बदलायचं?" त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांची किडनी किती किलोमीटरला बदलता असं विचारलंय. "वेळच आली नाही ना. संपलंच कुठे होतं?"

म्हटलं अहो ते संपायची वाट बघायची नसते, आतल्या आत खराब होतं ते, उष्णतेने, काजळीने, पातळपणा-घट्टपणा जातो त्याचा. आमच्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते.

"पण माझी गाडी फार चालायचीच नाही. घर ते ऑफिस, दीड किलोमीटर."

हे तर आणखी वाईट! इंजिन नीट तापायच्या आत बंद होणार, मग आत जमलेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहणार, उडून जायला वेळच मिळत नाही त्याला. लांबच्या रस्त्यावर पळणारी गाडी एकवेळ बरी. हे सगळं मी सांगितलं. हात करून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "एकदा बघितलं होतं तसं मी. ती ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून. काळंकुट्ट होतं. म्हटलं छान मुरलंय."

मुरलंय!

आणि मग ते खुलले. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचं विचारलं तर म्हणाले, "तसलं काही नाही, मी पाणी घालायचो. पण पिण्याचं हां, उकळून गार केलेलं." हे सांगताना चेहऱ्यावर आईची माया. म्हटलं कूलंटमध्ये गंज धरू नये म्हणून औषध असतं, ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं, थंडीत गोठत नाही, नुसत्या पाण्याने आतून गंजते गाडी. "हो, तापायची जरा," ते म्हणाले. "काटा वर गेला की मी हीटर लावायचो. एकाने सांगितलं होतं."

तर गंमत अशी की हे बरोबर आहे. त्या अख्ख्या संभाषणात त्यांनी केलेली एकमेव शास्त्रशुद्ध गोष्ट. हीटर इंजिनचीच उष्णता ओढून आत सोडतो, त्यामुळे इंजिनला तेवढाच आराम पडतो. पण तो बाजूला गाडी लावेपर्यंतचा, दोन मिनिटांचा उपाय आहे. यांनी तो दोन वर्षं केला. भर उन्हाळ्यात. काचा खाली करून, हीटर फुल, बायको मागच्या सीटवर ओला रुमाल डोक्यावर घेऊन. "तिची जरा कटकट असायची," म्हणाले.

"आणि डॅशबोर्डवर लाल दिवा नाही लागला कधी?"

"लागला ना. शेवटी शेवटी. जादूच्या दिव्यासारखं चित्र असतं बघा, चोचीवाला. मला वाटलं नवीन काहीतरी चालू झालं."

त्या चित्राचा अर्थ ऑइलचं प्रेशर गेलं, आहे तिथे थांब आणि इंजिन बंद कर. पुढे गेलात तर बेअरिंगची वाट लागायला काही मिनिटं पुरतात. हे 'नवीन काहीतरी' बघत घरापर्यंत आले. जवळजवळ. शेवटचा अर्धा किलोमीटर ढकलत.

"म्हणून म्हणतो," त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, "पीस महत्त्वाचा."

मी मेकॅनिककडे बघितलं. हा माणूस नऊ वर्षं माझी गाडी करतोय, त्याला सगळं माहितीय, म्हटलं सांग रे बाबा तूच आता यांना. त्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "हो ना, त्या लॉटची इंजिनं चांगलीच होती."

अरे पण यांचीही त्याच लॉटची होती ना!! कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, रात्री झोपताना आलं.

तसं गॅरेजवाल्यांबद्दल बोलायला लागलो तर वेगळाच लेख होईल. पूर्वी दुसरीकडे जायचो, तिथे प्रत्येक वेळी कागदावर इंजिन फ्लश, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट, गाडीच्या पुस्तकात यातलं अवाक्षर नाही. आणि ब्रेक ऑइल बदला म्हटलं की 'कशाला, लेव्हल बरोबर आहे'. अरे लेव्हलचा प्रश्नच नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी शिरलं की लवकर उकळतं, आणि मग उतारावर पेडल स्पंजासारखं खाली जातं. पुस्तकात 2 वर्षं लिहिलंय. जे करायचं ते मी मागून घ्यायचं आणि जे नको ते हात जोडून नाकारायचं, असा दर वर्षी अर्धा दिवस. वर आता नवीन भर, 'काका, याचा पार्ट येत नाही हो'. काचेचं बटण पाहिजे होतं. बटण! इंजिन ठणठणीत आणि बटणापायी गाडी भंगारात जाणार एक दिवस.

अमेरिकेत एक शाळामास्तर होते, अर्व्ह गॉर्डन. 1966 साली व्हॉल्वो घेतली आणि 2013 मध्ये तिचे 30 लाख मैल पूर्ण केले, म्हणजे 48 लाख किलोमीटर, गिनीज बुकात नाव वगैरे. मला खात्री आहे की त्यांनाही कोणीतरी म्हणालं असणार, पीस चांगला लागला हो मास्तर.

कारण जे झालं नाही ते दिसतच नाही ना कोणाला. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा, मी दोनदा बदललाय, 1 लाखाच्या जरा आधी आणि आता 1 लाख 95 हजारला. तो तुटला तर आमच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, खेळ खल्लास. पण काढलेला जुना बेल्ट हातात घेऊन बघावा तर चांगला दिसतो! साधी चीरही नाही. म्हणजे बिल देताना आपणच आपल्याला मूर्ख वाटतो. तो बेल्ट मी कपाटात ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला. पाहुणे कमी झालेत.

तर पुढे. यांची नवीन गाडी (चार वर्षांची, हिचाही पीस बेकार) संध्याकाळपर्यंत होणार नव्हती. "काका, तुम्ही कुठल्या बाजूला?" सोडलं मी त्यांना. बसल्या बसल्या सीट मागे सरकवली, ती मागे सरकवायची नसते, रेल जरा अडकते तिथे. मग काच खाली-वर, खाली-वर, त्याच बटणाने. "जड चालते नाही?" मग मागे वळून बघत, "विकायची असली तर सांगा, पण जास्त काही येणार नाही हिचं." त्यांच्या घरापाशी त्यांनी त्यांचा नवीन टायर मला दाखवला, स्टेपनी म्हणून कोणीतरी दिलेला. मी वाकून त्याच्यावरचा आकडा बघितला, 1115. म्हणजे 2015 सालचा अकरावा आठवडा. म्हटलं हा टायर तुमच्या गाडीपेक्षाही जुना आहे. "हो? मग चांगलाच टिकला की," म्हणाले.

उरलेली एक पिशवी घ्यायला परत गाडीत वाकले आणि जाताना दार असं आपटलं, असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडून बघितलं.

तेव्हापासून त्या दारातून टिक टिक आवाज येतोय. खड्ड्यात नाही, फक्त वळणावर. मी रबर बघितलं, बिजागरीला ग्रीस लावलं, आवाज आहेच. काल रात्री डायरीत नोंद केली. तारीख, 2 लाख 12 हजार 340, दाराची तपासणी. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी लिहिलं: पुतण्या.