उंची वजा शंभर, आणि आमची चिऊ

मंगळवारी संध्याकाळी भावाकडं गेले, तर चिऊ ताटासमोर रुसून बसलेली. ताटात चतकोर भाकरी आणि काकडीच्या चार चकत्या. दुधाची वाटी नाही. एरवी ही पोरगी दूध-भाकरी कुस्करून खाते आणि वर साय मागते. मला वाटलं तापबिप आलाय. भावजय म्हणाली, "तसं काय नाही ओ आक्का, तिचं वजन पाच किलो जास्त भरलंय."

चिऊ सहा वर्षांची, पहिलीतली. उंची ११५ सेंटिमीटर, वजन २० किलो. यातले पाच किलो जास्त कुणी ठरवले? मोबाइलनं.

दीड मिनिटाचा एक व्हिडिओ सध्या कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या आयांच्या ग्रुपवर फिरतोय. सौंदर्यस्पर्धेतली एक स्पर्धक, खांद्यावरून पट्टा, मुलांच्या फिटनेसवर आणि आहारावर बोलतेय. अशा स्पर्धांत एखादा सामाजिक विषय घ्यायची पद्धत असते. मिस वर्ल्डमध्ये त्याला 'ब्यूटी विथ अ पर्पज' म्हणतात. हिनं मुलांचं आरोग्य घेतलं, चांगलं केलं. पण बोलली काय? मुलाचं योग्य वजन म्हणजे उंचीतून शंभर वजा. जास्त भरलं तर संध्याकाळी सातनंतर जेवण बंद, दूध-भात बंद. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मधाचं कोमट पाणी. साखर विष, गूळ-मध पाहिजे तेवढा. सोळा वर्षांच्या आत जोर-बैठका नकोत, उंची खुंटते. आणि रोज एक तास खेळ, पाकिटातला खाऊ बंद.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. दर जूनला भिंतीवरच्या पट्टीला पोरं टेकवून उंची घ्यायची, काट्यावर उभी करायची आणि रजिस्टर भरायचं, यात निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळं वजाबाकीवर जरा सविस्तर बोलते, बाकीचं उरकते.

उंची वजा शंभर हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावानं तो ओळखला जातो, आणि मोठ्यांनासुद्धा तो ढोबळच. पोरांना लावला की काय होतं बघा. जागतिक आरोग्य संघटनेचे मुलांच्या वाढीचे तक्ते आहेत. पाच वर्षांपर्यंतचे २००६ चे, त्यापुढचे २००७ चे. पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची त्यात १०९ सेंटिमीटर आणि वजन १८ किलो. या बाईंच्या हिशेबानं ती ९ किलोची पाहिजे. ९ किलो हे वर्षाच्या बाळाचं वजन आहे! म्हणजे बालवाडीत जाणाऱ्या पोरीनं पाळण्यातल्या पोरीएवढं भरायचं.

आणखी पुढं जाऊ. चिऊचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा, ७२ सेंटिमीटर. त्याचं योग्य वजन वजा २८ किलो. काट्यावर ठेवला तर काटा उलटा फिरायला पाहिजे, आणि त्याला घरात ठेवायचं म्हणून आपणच कुणाला तरी २८ किलो देणं लागतो. भावजयीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आता चिऊ. त्याच तक्त्यात सहा वर्षांच्या मुलीची मधली उंची ११५ आणि वजन २० किलो. माझी भाची म्हणून सांगत नाही, पोरगी तक्त्याच्या बरोबर मधल्या रेघेवर उभी आहे. तिच्या ताटातली भाकरी काढायला कुठलंच कारण नव्हतं. पाच वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी हा तक्ता अंगणवाडीत असतो. अंगणवाडीच्या ताई महिन्याच्या महिन्याला त्यावर ठिपका देतात. दीड मिनिटाचा व्हिडिओ बघायला वेळ आहे, तर गल्लीतल्या अंगणवाडीपर्यंत चालायलाही असावा.

गंमत म्हणजे ज्यांच्याकडं खरोखर बघायला पाहिजे, ती पोरं या वजाबाकीतून अलगद सुटतात. बारा वर्षांचा, १५० सेंटिमीटर उंच, ५० किलोचा पोरगा घ्या. उंची वजा शंभर, बरोबर पन्नास, शाब्बास! तक्ता मात्र सांगतो की त्या वयाला आणि उंचीला साधारण ४५ च्या पुढं वजन जास्त धरायचं. असली पोरं मी शेवटी शेवटी प्रत्येक वर्गात बघितली. मैदानाला अर्धी फेरी मारली की धापा टाकायची. तेव्हा मुलांमधला लठ्ठपणा वाढतोय हे त्या बाईंचं म्हणणं मला नाकारायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती, ती २०१९-२१ ला ३.४ टक्के झाली. पण त्याच २०१९-२१ च्या पाहणीत वयाच्या मानानं ठेंगणी राहिलेली मुलं ३५.५ टक्के आहेत. अशा देशात सरसकट सगळ्या आयांना 'दूध-भात बंद' सांगायचं? आणि वाढत्या पोराचं वजन खरंच जास्त असलं तरी बहुतेकदा त्याची उपासमार करत नाहीत. खेळ वाढवायचा, तेलकट आणि गोड कमी करायचं, वजन आहे तिथं धरून ठेवायचं. उंची वाढत गेली की हिशेब आपसूक जुळत जातो.

सातनंतर जेवण बंद आणि सकाळी लिंबू-पाणी, हे दोन्ही एकत्र लावून बघा. सकाळची शाळा. रात्री सातपासून पोटात काही नाही, सकाळी लिंबू-पाणी पिऊन पोरगं रिक्षात. प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारी पोरं मी उचललेली आहेत. काय खाल्लंस विचारलं की उत्तर ठरलेलं, "चा पिऊन आलोय बाई." आता लिंबू-पाणी पिऊन येतील, एवढाच फरक. लिंबानं चरबी वितळत नाही. ती ताटावरची तेलकट चिकटी नव्हे. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचाही नसतो, त्यातनं बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. हे व्हिडिओत कुठंच नाही. ज्या घरात हा व्हिडिओ पोचला, तिथं नऊ महिन्यांचं बाळ आहे.

गुळाबद्दल लिहिताना कोल्हापूरच्या माणसाचा हात जरा थरथरतो. आमच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी खाल्ल्याशिवाय आमचा हिवाळा सरत नाही. तरी सांगते, गूळ ही साखरच आहे. शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या वर. थोडं लोह आणि खनिजं असतात, मान्य. पण त्या लोहासाठी पोराला वाटीभर गूळ चारायचा म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जड. दिवसाच्या एकूण ऊर्जेतला दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग साखरेचा असावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, त्यात मध आणि फळांचा रससुद्धा धरलाय. शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा द्या. 'पाहिजे तेवढा' मात्र नको.

जोर-बैठकांनी उंची खुंटते, हे शाहू महाराजांनी खासबाग हे कुस्तीचं मैदान बांधलं त्या गावात कुणी फॉरवर्ड करावं, काय म्हणावं! इथं आठ-दहा वर्षांची पोरं पहाटे लाल मातीत उतरतात. मोतीबाग तालमीत घडलेले दादू चौगुले १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले, तेही जड गटात. खुंटलेला माणूस तिथं पोचत नाही. नीट शिकवणारा समोर असेल तर ताकदीच्या व्यायामानं हाडांची वाढ थांबत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आहे. वस्ताद नसताना जिममध्ये जाऊन अंगाबाहेरचं वजन उचलणं वेगळं. तिथं इजा होते. बाईंना बहुधा तेच म्हणायचं असावं, असं धरून चालू.

राहिला शेवटचा मुद्दा, रोज तासभर खेळ आणि पाकिटातला खाऊ बंद. हा शंभर टक्के बरोबर. ६० मिनिटांचा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेचाच. एवढंच बोलून बाई थांबल्या असत्या तर मीच तो व्हिडिओ चार ग्रुपवर टाकला असता. आता सांगणारी खूप कष्ट करत असेल, तिचं शरीर तिनं कमावलंय, त्याबद्दल आदरच आहे. पण तिचं ते वजन मंचासाठी, विशीतलं. चिऊचे अजून दुधाचे दात पडतायत.

भावजयीनं व्हिडिओ ग्रुपवरून काढला, खाली तक्त्याचा फोटो टाकला. त्यावर एकीनं विचारलंच, "मग हा तक्ता खरा कशावरनं?" तिला अंगणवाडीचा पत्ता दिलाय.

रात्री चिऊनं दूध-भाकरी खाल्ली, वर साय मागितली. भावाला एवढा उत्साह आला की म्हणाला, "आक्का, उद्यापासनं हिला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेतो, म्हशीचं धारोष्ण दूध पाजतो." 'ने,' म्हटलं. पण दूध किटलीतनं घरी आण आणि उकळून दे. कच्च्या दुधातनं ब्रुसेल्लोसिससारखे आजार येतात. यावर तो जो रुसलाय, तो अजून बोलत नाही.