अगं, सेल्फ मार!

किल्ली फिरवली, 'टक्' झालं आणि पुढे काही नाही. पुन्हा टक्. सोमवारी सकाळी साडेआठला, पार्किंगच्या तोंडाशी, मागे दोन गाड्या अडकवून.

'सेल्फ गेला' हा ठराव पाच मिनिटांत एकमताने पास झाला. तळमजल्यावरचे काका बनियनवर पाना घेऊन हजर. "कार्बन अडकलेत. दोन ठोके दे." हा उपाय अगदीच अडाणी नाही बरं का. सेल्फच्या मोटरला करंट पोचवणारे घासलेले कार्बन ठोक्याने जरा सरकतात आणि गाडी कधीकधी सुरू होते. काकांनी दोन दिले, मी रागाने चार दिले. टक्.

मागचे गृहस्थ म्हणाले, "बॅटरी." त्यांच्या मागचे म्हणाले, "गाडीच बदला."

माझ्याकडे मल्टीमीटर होता. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला, आजवर फक्त रिमोटचे सेल तपासलेला. बॅटरीला लावला : १२.६ व्होल्ट. फुल्ल! पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. तेव्हा आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीवर संशय. किल्ली फिरवायला माणूस हवा, म्हणून हिला बोलावलं. ही कुकरच्या शिट्ट्या अर्धवट सोडून आली.

"न्यूट्रलला आहे ना? हँडब्रेक? हां, मार!"

टक्.

"मार! अगं, मी थांब म्हणेपर्यंत मार!"

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. आजी बराच वेळ बघत होत्या. बॉनेटमागे मी दिसत नव्हतो, फक्त ऐकू येत होतो.

आकडा १२.१ वर ठाम. हेडलाइटही लख्ख. म्हणजे बॅटरी निर्दोष, करंटच पुढे सरकत नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. सेल्फ मारताना इथे फार तर ०.२ दिसावा.

"मार!"

६.८! निम्म्याहून जास्त व्होल्टेज वाटेतच गडप. वाकून बघितलं, तर इंजिनच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्टीवर बोल्टापाशी हिरवट-पांढरा थर चढलेला.

"सापडलं!" मी ओरडलो. "अर्थच नाहीये!"

"ते मी लग्नापासून सांगतेय," आतून आवाज आला.

बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, आवळला. "मार!" पहिल्या झटक्यात सुरू.

काकांनी पाना खांद्यावर टाकला. "बघ. ठोके जरा उशिरा लागू पडतात."