लग्नात चेहरे कशाला, मॅक्रो लेन्स घ्या

इंदूरमध्ये लग्नाच्या ऑर्डरी घेताय आणि बॅगेत अजून मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स, नाही? कसं व्हायचं भिया तुमचं! नवरा-नवरी, मामा, मावश्या हे सगळं आता कोणाच्याही मोबाईलमध्ये येतं, तुम्हाला पार्टी पैसे देते ते नथीतल्या मोत्यासाठी.

तर लेन्स अस्सल १:१ चीच घ्या, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटवणारी. झूम लेन्सवर कडेला बारीक अक्षरात मॅक्रो लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, त्यातल्या बऱ्याच १:४ पाशीच दम टाकतात आणि मग फोटोत उगीच नवरीचा गाल वगैरे येतो. १:१ ला फुल फ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटरची जागा अख्खा फोटो भरते, म्हणजे मोठी नथसुद्धा पुरती मावायची नाही, नाक तर सोडाच. एक्स्टेन्शन ट्यूब लावून साध्या ५० एमएमवरही जवळचे फोटो स्वस्तात निघतात, खरंय, पण आत काचच नसलेली पोकळ नळी घेऊन मॅरेज गार्डनमध्ये फिरलात तर तुमची इज्जत काय राहणार?

आता ६० एमएम, १०० की १८०. साठने १:१ गाठायला इतकं जवळ जावं लागतं की लेन्सचीच सावली नथीवर पडते आणि नवरी बिचारी मागे मागे सरकते. १८० किलोच्या वर भरते, मान आखडते, पण लांबून भारी दिसते. सगळे शंभरच घेतात, तुम्हीही तीच घ्या, फक्त डब्यावरचं ३० सेंटिमीटर वाचून हुरळू नका, ते सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापुढे वीतभरही उरत नाही. कोणी शहाणा म्हणेल की हिच्यावर पोर्ट्रेटही सुंदर येतात. ऐकू नका. एकदा माणसांकडे बघायची सवय लागली की धंदा बसला.

लेन्सने फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा फोकस लिमिटरचा खटका असतो त्याला हात लावायचा नाही, फुलवरच राहू द्या. पाठवणीला बाप रडायला लागला की लेन्स घर्र घर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारून येते, तोवर त्याचे डोळे पुसून होतात.

अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, अर्थात एफ २.८, सताड उघडं. एवढ्या जवळून शार्प भाग मिळतो एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे अंगठीच्या आतल्या ९१६ च्या शिक्क्यातला ९ खणखणीत, १ अंदाजाने आणि ६ विहीणबाईंच्या विश्वासावर. भोक बारीक करून एफ ११ केलंत तरी मिलिमीटरच्या थोडं पुढेच जाल, शिवाय १:१ ला दोन स्टॉप, म्हणजे पाऊण, उजेड लेन्सने आधीच खाल्लेला असतो.

म्हणून फोकस स्टॅकिंग. मंगळसूत्र तबकात तांदळावर मांडा, वाट्या वर, ट्रायपॉड लावा आणि फोकस केसभर सरकवत वीस-पंचवीस फोटो घ्या, मग रात्री कॉम्प्युटरवर जोडत बसा. हे काम मंगलाष्टका चालू असतानाच करायचं, कारण तेवढाच वेळ मंगळसूत्र कोणाच्या गळ्यात नसतं. 'तदेव लग्नं' सुरू होईल, अंतरपाट खाली जाईल, नवरी पहिल्यांदा वर बघेल, मान उचलू नका. एखादी अक्षता तबकात पडली तर स्टॅक पहिल्यापासून, आणि गुरुजींना सांगायचं, परत धरा हो अंतरपाट, मुहूर्त कुठे पळून चाललाय.

प्रॅक्टिस करायची तर इथल्या सराफा बाजारात जा. दिवसा दागिने आहेतच पण दुकानदार हाकलतात, रात्री शटर पडली की समोर भुट्ट्याचा कीस लागतो, त्याच्यावरच्या एका शेवेवर फोकस धरून दाखवा. वाफेने काच धुरकटते, ते क्लायंटला ड्रीमी इफेक्ट म्हणून सांगता येतं.

अल्बम द्यायला जाल तेव्हा नवरीची आई पानं उलटत विचारेलच, देवासहून आजी आल्या होत्या त्यांचा एकही नाही का? घाबरायचं नाही. मेंदीच्या पानावर बोट ठेवायचं, ही हिरवी बांगडी बघा काकू, काय शार्प आलीये, आणि मागे ते पांढुरकं गोल गोल दिसतंय ना, त्याच आजी. आणि त्या चष्मा शोधतायत तोवर उरलेलं पेमेंट मागून घ्या.