"पहिल्याच पावसात कॅम्पर गळली" या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या यार्डातून घेतलेल्या जुन्या कॅम्परचा, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या गाडीचा, तुमचा रिव्ह्यू वाचला. तारकर्लीला भर पावसात बेडवर पाणी आलं आणि मुलांना रात्र पुढच्या सीटवर काढावी लागली, त्याबद्दल मनापासून सॉरी. लेकरं बरोबर असताना असं कुणाचंच होऊ नये.

पण तुम्ही जे लिहिलंय ना, "गाडी नीट बघूही दिली नाही, घाईघाईत गळ्यात मारली, साडेनऊ लाख पाण्यात", त्यातलं गळतीचं मी खाली मान घालून ऐकून घेईन, घाईचं नाही ऐकणार. ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाहीये म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, राग मानू नका.

त्या रविवारी तुम्ही सकाळी अकराला येणार होता. गाडी सावलीत लावून ठेवली होती आणि यार्डातल्या पोरांना सांगून ठेवलं होतं की गिऱ्हाईक येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, कारण जुन्या डिझेल गाडीचं खरं रूप थंड असताना पहिल्या सेल्फलाच कळतं, आधीच गरम करून ठेवलेली कुठलीही गाडी गोडच वाजते. तुम्ही आलात पावणेतीनला. एक्सप्रेसवेला ट्रॅफिक, मग लोणावळ्याला जेवण, मुलं बरोबर असली की होतं, त्याचं काही नाही. पण गाडीतून उतरल्या उतरल्या तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं की रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, जे काय टोकन द्यायचं ते त्याच्या आत. आता मला सांगा ताई, यात घाई माझी कुठे आली? मी पण देवाधर्माचं बघणारा माणूस आहे, काकांची चेष्टा करत नाहीये, पण राहुकाळ काही माझ्या यार्डाने लावलेला नव्हता.

राहिला पावणेदोन तासांचा वेळ. त्यातला बराचसा मुलांनी बेडवर उड्या मारण्यात आणि तुम्ही व्हिडिओ काढण्यात गेला, त्यालाही माझी हरकत नव्हती, हौसेनेच घेतात लोक ही गाडी. तुमच्या मिस्टरांनी मात्र टायर बघितले हे मान्य. त्यांना मीच बाजूचा चार आकडी नंबर वाचून दाखवला, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा, कारण अशा गाड्या फिरतात कमी आणि उभ्या जास्त असतात, नक्षी नवी दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं. खाली वाकून चासी पण दाखवली. किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीला खारी हवा खालून खाते, ही गाडी तशी नाही.

आणि मग मी पाइप आणला. तुमच्यासमोर आणला. टपावर चांगली पंधरावीस मिनिटं पाणी मारायचं आणि एकाने आत बसून हॅचच्या, म्हणजे टपावरच्या उघडझाप खिडकीच्या, चारी कोपऱ्यांना आणि वरच्या कप्प्यांच्या आत मागच्या बाजूला हात फिरवायचा, जुनी कॅम्पर घेताना याच्याइतकी खात्रीची दुसरी टेस्ट नाही. इंजिनचं काम कुठल्याही गावात होतं, पण पाणी एकदा प्लायमध्ये शिरलं की आतून फर्निचर कुजत जातं आणि वरून लॅमिनेट चकाचक दिसत राहतं. अंगठ्याने दाबलं आणि प्लाय आत गेला की समजायचं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "नको नको, सोफ्याचं कापड भिजेल, आणि वेळ पण होत आलाय." हे तुमचे शब्द आहेत ताई. यार्डाच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात आवाज येत नाही, पण पाइप गुंडाळून परत नेताना मी दिसतो, वेळ ४ वाजून ५ मिनिटं. टोकन ४:२० ला. बघायचं असेल तर या, दाखवतो.

डिलिव्हरीच्या कागदावर मी पेनाने लिहून दिलं होतं की पावसाळ्याआधी हॅचचं सीलंट (फटी बुजवणारा लेप) नवीन मारून घ्या. आपल्याकडच्या उन्हात टपावरचं सीलंट वाळून भेगा पडतात, हे माझ्या गाडीचं नाही, सगळ्याच गाड्यांचं आहे, दरवर्षी बघावं लागतं. मे महिन्यात तुम्ही गाडी नेली, जूनमध्ये कोकणात. मध्ये ते काम झालं का, मी विचारत नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत हॅचच्या झाकणावर पांढरे ओरखडे दिसतात, फांदी घासल्यासारखे, डिलिव्हरीच्या फोटोत ते नाहीत. आरोप करत नाहीये, फक्त दिसलं ते सांगतोय.

किमतीचं पण एक. तुमचं बजेट आठ होतं, मी दहा सांगितले होते, साडेनऊला दिली. तुम्ही मोबाईलवर सहा लाखाची दिल्लीची गाडी दाखवत होतात. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत म्हणून ती स्वस्त निघते, मग एनओसी आणायची, महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरायचा, नंबर बदलायचा. आणि ती आरसीवर होती साधी १२ सीटर, आत नुसत्या गाद्या टाकलेल्या. आरटीओची परवानगी न घेता आतली रचना बदललेली गाडी घेतलीत तर उद्या काही झाल्यावर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा आरसीच मागेल. तुम्हाला दिलेली ट्रॅव्हलर २०१६ ची आहे, पांढरी पाटी आणि आरसीवर कॅम्पर व्हॅन असं लिहिलेलं. नवीन ट्रॅव्हलर घेऊन त्यावर हेच काम करून घ्यायला गेलात तर आकडा दुपटीच्या वर जातो. बॅटरी एका रात्रीत संपली असं पण लिहिलंय, त्यावर इंडक्शन शेगडी लावायची नाही हे सांगितलेलं होतं, जाऊ दे.

तुमचा फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं की माणूस ठाण्याला पाठवतो, तुम्ही म्हणालात बाहेरून करून घेतलंय. करून घेतलंत ते चांगलंच, पण मग तिसऱ्या दिवशी चौदा हजाराचं बिल आणि चौथ्या दिवशी एक स्टार, मध्ये एक फोन करायचा होता ना. आमचं मोठं शोरूम नाही. पावसाळ्यात तसाही धंदा बसलेला असतो आणि नाशिकचं एक गिऱ्हाईक तुमचा रिव्ह्यू वाचून यायचंच थांबलं. पोरांचे पगार काय थांबत नाहीत.

असो. यापुढे पाण्याची टेस्ट झाल्याशिवाय टोकन घ्यायचं नाही असं शक्यतो ठेवणार आहोत, स्टाफला पण सूचना दिल्यात, बाकी पण काही गोष्टी सुधारतोय. तुमच्या गाडीचं हॅच मी नवीन बसवून देतो, मजुरी घेणार नाही. बिलाचं फोनवर बोलू, इथे नको. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा, पण ते "बघू दिली नाही" तेवढं काढा ही विनंती. सोमवारी यार्ड बंद असतं, बाकी कधीही या, फक्त येताना गाडी घेऊन या आणि जमलं तर सकाळी या म्हणजे सीलंट वाळायला दिवस मिळतो.