खुलासा : माचा (जपानी ग्रीन टीची पूड) तळाशी बसला म्हणून भेसळीचा ठरत नाही

"ऑनलाइन मागवलेला माचा पाण्यात विरघळला नाही, ओल्या कागदावर हिरवा डाग पडला, तर भेसळ समजा" हा मेसेज रविवारी आमच्या धरमपेठेतल्या ग्रुपवर मीच टाकला होता. तो चुकीचा आहे.

माचा विरघळतच नाही. सावलीत वाढवलेल्या चहाची पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दळतात. म्हणजे आपण अख्खं पानच पितो. काल मी चमचाभर माचा गाळणीतून चाळून गरम पाण्यात फेटला. छान फेस आला. काचेच्या ग्लासात थोडा वेळ ठेवला, तर खाली गडद हिरवा थर बसला. ढवळल्यावर पुन्हा एकजीव. जपानमध्ये चासेनने (बांबूच्या फेटणीने) फेटून लगेच पितात ते यासाठीच.

कागदाची चाचणी एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) आहे, पण सुट्या चहापत्तीसाठी. फिल्टर पेपरवर पत्ती पसरून पाणी शिंपडायचं, मग पत्ती काढून कागद नळाखाली धुवायचा. डाग राहिला तर वरून रंग दिलेला. माचाची बारीक पूड कागदातच अडकते, तिथे ही चाचणी लावू नका.

घेताना घटकांच्या यादीत फक्त ग्रीन टी आहे ना, पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. आणि नागपूरच्या मे महिन्यात पार्सल दारात तापू देऊ नका; उष्णतेने हिरवा रंग उतरतो.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका. माझ्या भरवशावर ज्यांनी चांगला डबा परत केला, त्यांची मनापासून माफी मागते.