जाळीबाहेरचे कोच

मी जळगावात टेनिस शिकवतो. हे ऐकल्यावर समोरचा हमखास विचारतो, "बॉलिंग का बॅटिंग?"

त्याचं काही चुकत नाही. खान्देशात टेनिसचा बॉल हा क्रिकेटचाच बॉल असतो. गावोगाव रात्री दिवे लावून ज्या 'टेनिस बॉल' स्पर्धा होतात, तिथे रॅकेट घेऊन गेलात तर डास मारायला आलात असं समजतील. माझ्या कोर्टावरचा चेंडू कुंपणाच्या जाळीवरून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पडला की तो क्रिकेटमध्ये भरती होतो. परत येत नाही. म्हणून मी हल्ली 'लॉन टेनिस' म्हणतो. मग लोक कोर्टाकडे बघून विचारतात, "लॉन कुठंय?"

लॉन नाही. मुरूम आहे, माती आहे, एक रोलर आहे आणि रेषा मारायला फक्कीची पिशवी आहे. कोर्ट 78 फूट लांब. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना एका बेसलाइनकडून पाणी मारत निघालो, तर दुसरी गाठेपर्यंत पहिली कोरडी ठाक. नेमक्या याच महिन्यात आमचं 'उन्हाळी शिबिर' असतं. ही कल्पना ज्याने काढली तो भुसावळला कधी उतरलेला नसावा. उन्हाने चेंडूतली हवा फुगते आणि आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून चेंडू उसळतो. गाडीत ठेवलेल्या रॅकेटच्या तारा सैल पडतात, मग गटिंग नव्याने करावं लागतं. त्याचे पैसे वेगळे मिळतात, त्यामुळे उन्हाबद्दल मी फार वाईट बोलत नाही.

या धंद्यात शिरायचे रस्ते दोन. एक म्हणजे मोठा खेळाडू होऊन निवृत्त व्हायचं. दुसरा माझा. आधी बॉल बॉय, मग मार्कर, मग कोच. मार्कर म्हणजे जुन्या क्लबांतला पगारी खेळगडी. साहेबांना जोडीदार मिळाला नाही की त्याने समोर उभं राहायचं. कोचिंगचं सर्टिफिकेट मी नंतर घेतलं, पण खरं शिक्षण मार्कर असतानाच झालं. विषय एकच होता, हरायचं कसं.

साहेबांना जिंकू द्यायचं, पण जिंकू दिलं हे कळू द्यायचं नाही. 6-0 ने हरलो तर साहेबांना संशय येतो. 6-4 ने हरलो तर चहा येतो. मधे एकदा त्यांची सर्व्हिस मोडायची, चांगला घाम काढायचा आणि ऐन मोक्याला डबल फॉल्ट करायचा, म्हणजे आपल्या दोन्ही सर्व्हिस चुकवायच्या. तोही नेटमध्ये मारून चालत नाही, नाटक दिसतं. चेंडू रेषेच्या बोटभर बाहेर पडला पाहिजे, म्हणजे साहेब स्वतःच हळहळतात आणि "बॅड लक" म्हणतात. बोटभर बाहेर टाकायला जो सराव लागतो, तेवढा आत टाकायला केला असता तर मी पुण्याच्या बालेवाडी स्टेडियमवर खेळलो असतो.

शिवाय साहेब सुधारतात. दोन-तीन वर्षं घासून त्यांचा बॅकहँड माणसात आणला की बदलीची ऑर्डर येते. मी दुरुस्त केलेले बॅकहँड आज गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहेत. जळगावच्या वाट्याला कायम कच्चा माल.

लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी टेनिसबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "खोडं किती?" आमच्याकडे माणसाची ऐपत केळीच्या खोडांवर आणि बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातल्या भावावर मोजतात. माझ्याकडे खोडं नव्हती, पण साहेबांबरोबर काढलेला एक फोटो होता. तो चालला.

पोरांना शिकवणं तसं सोपं. अडचण येते गुण मोजताना. पंधरा, तीस, चाळीस. एका चुणचुणीत पोरीने पहिल्याच दिवशी हात वर केला. "सर, पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस, पंधरा त्रिक पंचेचाळीस. पाच कुठे गेले?" मी म्हटलं, असंच असतं. तिने घरी सांगितलं की सरांचे पाढे कच्चे आहेत. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, तेही गणिताचे मास्तर.

पण खरी परीक्षा आहे जाळीबाहेर. शाळेतून परस्पर आणून सोडलेलं पोर शहाण्यासारखं खेळतं. घरचं माणूस जाळीला नाक लावून उभं राहिलं की संपलं. आई विचारते, "दहावीला ग्रेस मार्क मिळतील ना?" पोर दुसरीत असतं. मोठी माय ओरडते, "ऊन लागी जाई पोऱ्याले!" आणि भर रॅलीत त्याला टोपी घालायला आत येते. या सगळ्यांवर वरताण म्हणजे चोपड्याकडचे एक जिभाऊ. पुतण्याला घेऊन येतात आणि स्वतःची खुर्चीही घेऊन येतात.

"जोरमा मार! पय रे पय!"

मी पोराला हळू मारायला शिकवत असतो. पोर माझ्याकडे बघतं, जाळीकडे बघतं आणि चेंडू प्लॉटवर जातो.

रफाएल नदालला त्याच्या काकांनी, टोनी नदालनी घडवलं, हे कुणीतरी जिभाऊंच्या कानावर घातलं. तेव्हापासून ते स्वतःला काका म्हणून नव्हे, पद म्हणून बघतात. त्यात नदाल लिहितो उजव्या हाताने आणि खेळतो डाव्या, हेही कळलं. पुढचा आठवडाभर पुतण्या डाव्या हाताने खेळला. त्या आठवड्यात प्लॉटवरच्या क्रिकेटवाल्यांना चेंडू विकत घ्यावा लागला नाही.

मी त्यांना नियमाचा धाक घातला. म्हटलं, जिभाऊ, सामना चालू असताना बाहेरून शिकवायला बंदी आहे. 2018 च्या अमेरिकन ओपनच्या फायनलमध्ये सेरेना विल्यम्सच्या कोचने, पॅट्रिक मुराटोग्लूने, प्रेक्षकांतून नुसते हातवारे केले, तर तिला ताकीद मिळाली. पुढे रॅकेट आपटली म्हणून पॉइंट गेला, अंपायरशी भांडली म्हणून अख्खा गेम गेला, आणि कप नेला नाओमी ओसाकाने. जिभाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. चार दिवस जाळीबाहेर शांतता होती. ते चार दिवस मी खऱ्या अर्थाने टेनिस कोच होतो.

आणि मग आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नियम बदलला. 2025 पासून खेळाडूला बाहेर बसलेल्या कोचकडून दोन पॉइंटच्या मधे सल्ला घेता येतो. थोडक्यात आणि हळू आवाजात, असं त्यात आहे. पण जिभाऊंपर्यंत पोचेस्तोवर 'हळू आवाजात' वाटेत कुठेतरी गळालं होतं. ते पुतण्याच्या आधी कोर्टावर हजर. खुर्ची दोन हात पुढे सरकवलेली.

"सर, आते सरकारनंच परवानगी दिधी," ते म्हणाले. सरकार नव्हे महासंघ, हे मी सांगून पाहिलं. त्यांचा हिशेब पुढे गेला होता. "निम्मं कोचिंग मीच करस. मंग फी निम्मी दिधी तं चाली ना?"

"चालेल," मी म्हटलं, "पण जिभाऊ, आधी मागची बाकी."

"देऊत ना," जिभाऊ खुर्चीत टेकत म्हणाले, "बऱ्हाणपूरना भाव तं वाढू द्या."