‘खोटी आशा’ म्हणालात, म्हणून हे लांबलेलं उत्तर

नमस्कार,

स्ट्रोकनंतरच्या हातावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी (हेडसेट लावून किंवा पडद्यासमोर खेळायचे हालचालींचे खेळ) आणि डोळे मिटून हालचालीची कल्पना करायचा सराव, असं मी त्यात लिहिलं होतं. वीस वर्षं फिजिओथेरपी करताय, हे पहिल्याच वाक्यात सांगितलंत. मग लिहिलंत, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणजे महागडा व्हिडिओ गेम. आणि पुढे, “डोळे मिटून हात हलत नसतो. तुमच्यासारखे हौशी लोक घरच्यांना खोट्या आशेला लावतात.”

आधी माझी चूक. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीने स्ट्रोकनंतरचा हात सुधारतो का, हे पाहणाऱ्या एव्हरेस्ट चाचणीत 141 पेशंट होते, मी दीडशे लिहिलं. आकडा सुधारलाय. त्यात वी (हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम) खेळणाऱ्यांइतकेच पत्ते आणि बिंगो खेळणाऱ्यांचे हातही सुधारले, हे मात्र मी लेखात लिहिलं होतंच. 2017 चा कॉक्रेन आढावाही (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) तेच सांगतो: व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी नेहमीच्या व्यायामाऐवजी दिलं तर हाताला वेगळा फायदा नाही, जोडीला दिलं आणि सरावाचा वेळ वाढला तर आहे. ‘जोडीला’ हा शब्द माझ्या लेखात आहे. तो न वाचता मला हौशी म्हणणं बरं नाही.

आता डोळे मिटण्याबद्दल. कल्पनेचा सराव म्हणजे मनोराज्य नव्हे. पेला उचलायची कल्पना नीट केली, तर खरा पेला उचलताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात त्यातले बरेच जागे होतात. 2007 मध्ये अमेरिकेत संशोधक स्टीफन पेज यांनी जुना स्ट्रोक असलेले 32 पेशंट घेतले. व्यायाम दोन्ही गटांना सारखाच. त्यानंतर एका गटाने हालचालींची कल्पना केली, दुसऱ्याने नुसतं अंग सैल सोडलं. कल्पना करणाऱ्यांचे हात जास्त सुधारले. कल्पनेच्या सरावाचा फायदा दिसला नाही असा 2011 चा 121 जणांचा अभ्यास तुम्ही तोंडावर मारलात. त्यात कल्पनेच्या सरावाला हाताच्या सरावाची जोड मुद्दाम दिलेली नव्हती. नुसती कल्पना करा असं मी कुठे म्हटलंय?

माझे बाबा शिंपी. उजवी बाजू गेली तेव्हा एका दवाखान्यात मला तोंडावर सांगितलं, सहा महिन्यांनंतर काही होत नसतं. बाबा ते ऐकत होते. पुढे घरी येणाऱ्या फिजिओताईंनी त्यांना पेल्याची कल्पना करायला सांगितली, तर बाबांचं लक्षच लागेना. मग मी म्हटलं, पायजम्याचं कापड कापा. त्यांनी डोळे मिटले. पाचव्या-सहाव्या दिवशी चादरीवर अंगठा तर्जनीकडे सरकला, अर्ध्या बोटाएवढा. कात्री धरायचा अंगठा तो! लगेच ताईंनी त्याच हातात कपड्यांचा चिमटा दिला आणि वीस वेळा दाबून घेतला. आज बाबा स्वतःच्या शर्टाची वरची दोन बटणं लावतात. तुमच्या वीस वर्षांत असा एकही अंगठा दिसला नसेल, तर मला वाईट वाटतं, पण म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरत नाही.

हेडसेटच्या किमतीबद्दल वाद घालत नाही. आमच्याकडे तो नाहीच.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. पण ‘घरचे लोक’ म्हणून ज्यांना झटकलंत, तेच रोज ते बोट उघडून पुसतात, तळहातातला घाम टिपतात. त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवा. बाबा रोज साडेचारला सरावाला बसतात, मी शेजारी घड्याळ लावून बसते. बघायचं असेल तर कळवा, पत्ता देते.